बिनसुईचं औषध

दसरा उलटून गेला होता आणि खिंडवस्तीच्या उतारावरचं गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागलं होतं. या दिवसांत वस्तीवरचं माणूस घरात सापडत नाही. गवताच्या अंगात ओल आहे तोवर कापून वाळवलं तर म्हसरं चवीनं खातात. हेळसांड झाली की नुसत्या काड्या उरतात आणि वैशाखात जनावरांची हाडं वर येतात. मार्गासनीहून डोंगरात चढणाऱ्या पायवाटेच्या शेवटाला ढेब्यांची ही चार घरं. त्यातलं बाजी ढेब्याचं सगळ्यात वरचं आणि त्याचं गवतही सगळ्यात खड्या उतारावरचं.

सकाळपासून तिघं कापत होती. पुढं सून प्रगती, तिच्या मागं बाजी आणि खालच्या अंगाला पेंढ्या बांधणारी बाजीची बायको पारूबाई. मुलगा सोमनाथ दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तो आठवडाभर शिवऱ्याला खोली घेऊन राहायचा. त्यामुळं गवताचा सगळा भार प्रगतीवर. तिचा हातही तसाच होता. ओळ धरली की थेट बांधाला जाऊन थांबायची. आज मात्र तिचा विळा मधेच थबकत होता. बाजीनं एकदोनदा दुर्लक्ष केलं, मग कमरेवर हात ठेवून तो उभाच राहिला. ती उकिडवी बसली होती आणि झंपराखाली तिच्या खांद्यांचे फणे हलत होते. तिनं पदर तोंडाला लावला, बाजूला थुंकली आणि विळ्याच्या टोकानं त्यावर माती ढकलली.

खोकला बाजीला ऐकू आला नव्हता. त्याला बारीक असं काहीच ऐकू येत नसे. ढगांचा गडगडाट, टेम्पोचं इंजिन, म्हशीचं रेकणं आणि डाव्या कानाशी येऊन कुणी जाड आवाजात ओरडलं तर ते, एवढंच त्याच्या वाट्याला राहिलं होतं. बाकी कानात रात्रंदिवस रातकिडे. पण ती माती ढकलायची तऱ्हा त्यानं ओळखली. आठ वर्षांपूर्वी तोही अशीच माती ढकलायचा.

तो पुढं गेला आणि पायाच्या अंगठ्यानं ते ढेकूळ उलटं केलं. खाली लाल होतं.

"कवापासनं?" त्यानं विचारलं. आपला आवाज किती मोठा निघतो हे त्याला कळत नसे. खाली पारूबाईनं पेंढी टाकून मान वर केली.

प्रगती त्याच्याकडं तोंड करून बसली. घरात सगळ्यांना आता ती सवय होती. "गौरी-गणपतीपासनं," तिचे ओठ म्हणाले.

"आन बोलली न्हाईस?"

"गवत आलं हुतं ना कापायला."

सोमनाथ तिला भोरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. बेडका तपासला. दोन दिवसांनी टीबीच्या कामावर असलेल्या वर्षाराणी मॅडम स्वतःच वर आल्या. भोरच्या राहणाऱ्या, स्कूटी मार्गासनीत लावून चढण चढून आल्या होत्या, घामानं मास्क ओला झाला होता. त्यांनी प्रगतीला ओसरीच्या टोकाला बसवलं, तिलाही मास्क दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा साधा टीबी नाही. नेहमीच्या गोळ्या याला लागू पडायच्या नाहीत.

पारूबाईनं बाजीकडं वळून बोटानं त्याच्याच छातीकडं खूण केली. तुमचाच तो, असं ती म्हणत होती. बाजीला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही.

तो दोन वर्षं त्या दुखण्यात काढून उठला होता. त्यातले कितीतरी महिने रोज ढुंगणावर इंजेक्शन. एक रविवार सोडला तर रोज डोंगर उतरायचा, सुई घ्यायची, पाय ओढत वर यायचं. कानात शिट्टी वाजते म्हणून त्यानं सुई देणाऱ्याला सांगितलं, तर औषध संपलं की जाईल म्हणाला. औषध संपलं. शिट्टी राहिली, बाकीचं गेलं. शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या गेल्या, म्हणून त्यानं शेरडं राखायचं सोडलं. डेअरीवर पोरं पाठीमागून काहीतरी बोलून हसायची आणि समोरच्याच्या तोंडावरचं हसू बघून ते त्याला कळायचं. पण जीव वाचला होता. ते खोटं नव्हतं.

"मला न्हाई घ्यायाचं ते औशिद," प्रगती म्हणाली.

"यात इंजेक्शन नाही गं," वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. "आता नवीन गोळ्या आल्यात. फक्त गोळ्या, सहा महिने. आधी पुण्याला तपासण्या करायच्या, मग घरी राहून घ्यायच्या."

"मामांनाबी आसंच सांगितलं हुतं. कायबी हुनार न्हाई म्हनून." प्रगतीनं मास्क खाली ओढला होता, तिचं तोंड बाजीला अर्धवट दिसत होतं. "हितं माझी पोरगी पडून रक्तबंबाळ झाली, रडून रडून निळी पडली, आन ह्ये पाठ करून दावं वळत बसल्यालं. म्या रोज बगते, मॅडम. त्यापरीस मेल्यालं बरं. माझा भाऊ झाडपाल्यावाला बगतोया."

पारूबाईनं बाजीकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यावरून त्याला कळलं की आपण जे ओठांवर वाचलं ते बरोबर वाचलं. तो उठला. म्हशी सुटायची वेळ झाली नव्हती तरी गोठ्याकडं गेला आणि उगाच शेण ओढत राहिला.

मॅडम परत निघाल्या तेव्हा तो पायवाटेवर आडवा उभा होता.

"सुई न्हाई?" त्यानं विचारलं.

त्यांनी मास्क काढला, समोर तोंड केलं आणि सावकाश बोलल्या, "नाही काका. सुई बंद झाली."

"आन कान?"

"या गोळ्यांनी कान जात नाहीत. दुसरे त्रास आहेत, ते मी लपवत नाही. पण कान नाही."

बाजी वाटेतून हलला नाही. "मग माझ्या टायमाला ह्या का दिल्या न्हाईत?"

मॅडमनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तेव्हा इथं मिळत नव्हत्या, काका. तेव्हा जे होतं ते तुम्हाला दिलं."

कुणावर रागवावं असं माणूस समोर नव्हतं. आठ वर्षं आधी दुखणं आलं, एवढाच काय तो गुन्हा. तो बाजूला झाला, त्यांना वाट दिली, आणि मग पाठीमागून म्हणाला, "त्या गोळ्या खाल्ल्यालं मानूस दावा मला. कागद नगं. मानूस."

मॅडमनी आपल्या ओळखीतल्या एकाला फोन करून विचारलं आणि तो हो म्हणाला. भाटघरला धरणाच्या अंगाला राहणारा आनंदराव नावाचा शेतकरी, त्याचा पाचवा महिना चालू होता. भाऊ झाडपाल्यावाला घेऊन यायच्या आदल्या दिवशी बाजीनं सुनेला म्हटलं, "येकदा बगू. न्हाई पटलं तर तुझ्या भावाचं औशिद घे. म्या मदी बोलनार न्हाई." ती यायला तयार झाली ती बहुतेक त्याच्यावर उपकार म्हणून.

सोमनाथनं दूध उतरवून टेम्पो मार्गासनीला आणला. मास्क लावून प्रगती मागं उघड्या हौद्यात रिकाम्या कॅनना टेकून बसली, बाजी तिच्या समोर. नसरापूर, कापूरहोळ करत गाडी भाटघरला निघाली. उन्हानं आणि हादऱ्यांनी तिचं तोंड पांढरं पडलं होतं. एका वळणावर ती कडेला वाकून ओकली आणि बाजीनं नुसती पाण्याची बाटली पुढं केली.

आनंदराव दारातल्या कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. पाय उघडे, गार फरशीच्या तुकड्यावर ठेवलेले. त्यानं बसा म्हटलं, पाणी द्यायला लावलं आणि विचारायच्या आधीच सुरू केलं.

"खोटं सांगनार न्हाई, पाव्हणं. पयला म्हैनाभर आतडी तोंडात यायची. भाकरीचा वास आला तरी उमासं. आता ह्ये पाय. तळव्याखाली निखारं पेरल्यागत. वहाना घालवत न्हाईत, काडवत न्हाईत. रगात कमी झालं म्हनून मदी येक गोळी थांबवली, मग कमी करून दिली. दर थोड्या दिसांनी छातीला वायरी लावून पट्टी काडत्यात. पन बेडका साफ हाय. आन अंगावर थोडं मांस आलंय."

सोमनाथनं ते बापाच्या डाव्या कानाशी ओरडून पुन्हा सांगितलं. बाजी म्हणाला, "कानाचं इचार."

"कान हायत की," आनंदराव म्हणाला.

"आसं तोंडी नगं." बाजी उठला. "प्रगते, त्यांच्या मागं हुबी ऱ्हा. लांब. बारीक बोल, लई बारीक. तोंडावरचं काडू नगस."

आनंदरावाला मौज वाटली असावी. तो पोरासारखा ताठ बसला. प्रगती झाडाच्या बुंध्याआड जाऊन उभी राहिली. मास्कमुळं ती कधी बोलली हे बाजीला दिसलं नाही. त्याला आनंदरावाचं तोंड तेवढं दिसत होतं. ते आधी हसरं होतं. मग हसू ओसरलं, त्यानं मान थोडी मागं वळवली आणि काहीतरी उत्तर दिलं. बरंच लांबलचक. झाडाआडून प्रगतीचे डोळे दिसत होते, ते आनंदरावाच्या पाठीवर खिळले होते.

परतीच्या वाटेत कापूरहोळच्या पुढं बाजीला राहवलं नाही. "काय इचारलंस त्याला?"

तिनं मास्क उतरवला, वाऱ्यानं केस तोंडावर येत होते ते धरले आणि त्याला दिसेल असं बोलली. "इचारलं, घरातली मानसं कटाळली का तुमाला."

"मग?"

"म्हनला, व्हय. तोंडावर कुनी बोलत न्हाई. आतल्या खोलीत जाऊन बोलत्यात. आन मला सगळं ऐकू येतंया."

बाजी कॅनच्या कडीवर हात ठेवून बसला. गाडी नसरापूरला वळली तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "म्या घेते गोळ्या, मामा."

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आठवडाभर ठेवून तिला घरी सोडलं. वस्तीवर सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, कुणात काही निघालं नाही. दुखणं तिला कुठून आलं हे कुणी सांगू शकलं नाही. सासऱ्याचं केव्हाच बरं झालेलं, त्याच्यापासून असायची शक्यता कमी, असं मॅडम म्हणाल्या. पारूबाईला ते पटलं. बाजीला पटलं की नाही, त्याचं त्यालाच ठरवता येईना.

प्रगतीचं अंथरूण ओसरीच्या उघड्या टोकाला गेलं. तिची तीन वर्षांची श्रावणी आत आजीजवळ झोपायची. डॉक्टर जवळ घे म्हणेपर्यंत पोरीला घ्यायचं नाही, असं प्रगतीनंच ठरवून टाकलं होतं. पोरगी नुकती धड बोलायला लागली होती, दिवसभर आतून तिची टकळी चालायची. बाजीला ती टकळी म्हणजे हलणारं तोंड. पण संध्याकाळी म्हशी बांधून आला की त्याला दिसायचं, प्रगती कुडाला डोकं टेकून बसलेली असायची आणि मधेच आपल्याशीच हसायची.

गवत मात्र थांबायला तयार नव्हतं. बाजी आणि पारूबाई अंधारायला येईपर्यंत कापायची. साठीला टेकलेली माणसं. कमरा धरल्या की उताराला हात टेकून सरळ व्हायची. दिवाळीत अवकाळी पाऊस आला आणि पसरलेलं गवत भिजून काळं पडलं. ते उलटंपालटं करण्यात पुन्हा आठवडा गेला. सोमनाथ सुट्टी काढून आला तेव्हा खालचा पट्टा तसाच उभा वाळून गेला होता. त्या साली गंजी नेहमीपेक्षा बुटकी झाली. प्रगती येताजाता गंजीकडं बघायची आणि मान खाली घालायची.

आनंदराव बोलला होता तसंच सगळं होत गेलं. ओकाऱ्या थांबल्या आणि पाय सुरू झाले. माघात तिला ओसरी उतरून चुलीपर्यंत येणं जड जायला लागलं. भुई बोचायची, वाकळ बोचायची, रात्री पांघरूण पायाला लागलं तरी उठून बसायची. बेडका तोवर साफ आला होता, पोरगी मांडीवर घ्यायला परवानगी मिळाली होती; पण पोरगी नाचत येऊन पायावर बसली की हिचा जीव कासावीस व्हायचा, आणि तिनं एकदा पोरीला ढकलून दिलं.

त्याच दिवशी ती पारूबाईला म्हणाली, "बास झालं आता, आत्या. बेडका साफ हाय न्हवं? ऱ्हाइल्याल्या गोळ्या म्या दरीत फेकून देते."

बाजी दारात उभा होता. त्यानं तिच्या तोंडावरून ते नीट वाचलं.

"पाय जळत्यात म्हनून फेकतीस?" तो म्हणाला. "पाय हायत म्हनून जळत्यात. तुला घरी बसून गोळ्या मिळाल्या. मला कुनी दिल्या? माझं काय ऱ्हायलं ते बग की."

त्याला वाटलं आपण बोललो. बाकीच्या तीन घरांतली माणसं अंगणात आलेली बघून त्याला कळलं की आपण ओरडलो. प्रगती उठली आणि कुणाचा आधार न घेता, तळवे वाकडे टाकत, आत गेली.

पारूबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. ती सहसा त्याच्याशी खुणांनी बोलायची. आज एकेक शब्द तोडून बोलली. "तुमाला मिळालं न्हाई, त्यात तिची काय चूक?"

"म्या तसं म्हनलो न्हाई."

"तसंच म्हनला."

तो गोठ्यात जाऊन बसला. म्हशीनं त्याच्या खांद्याला तोंड घासलं, तिला दूर सारायचंही त्याच्या मनात आलं नाही. खरंच आपण तसं म्हणालो होतो का, हे तो स्वतःला विचारत होता, आणि उत्तर टाळून दुसरं काही आठवत होता. त्याच्या त्या दोन वर्षांत असंच एकदा त्यानं सुईला जायचं सोडलं होतं. तेव्हा बापानं त्याला शिव्या दिल्या होत्या. शिव्यांनी तो गेला नव्हता. पारू न बोलता त्याच्या पुढं चालायला लागली होती आणि तो तिच्या मागून उतरला होता.

दुपार कलल्यावर तो घमेलं घेऊन झऱ्यावर गेला. खिंडीतल्या सावलीचं पाणी, माघातही हात बधिर करणारं. डोक्यावरून भरलं घमेलं घेऊन चढण चढताना निम्मं अंगावर सांडलं. राहिलेलं त्यानं ओसरीच्या टोकाला, तिच्या अंथरुणापाशी ठेवलं. सासऱ्यानं सुनेला पायाचं काय सांगायचं. तो उताराकडं तोंड करून, पाठ तिच्याकडं देऊन बसला आणि दाव्याला पीळ घालू लागला.

बराच वेळ गेला. मागं काय चाललंय हे त्याला कळायला मार्ग नव्हता. उठला तेव्हा घमेल्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि शेणानं सारवलेल्या भुईवर ओल्या पायांचे ठसे आत गेले होते.

मग ते रोजचंच झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी पाय जाळणाऱ्या त्या गोळीचा डोस कमी केला. त्यानं जळणं गेलं नाही, पण दातओठ खाऊन सोसता येईल इतकं झालं. प्रगती भाकरी थापताना बसायला लागली, नंतर दूध काढायला. गोळी घेतली की चुरगळलेलं रिकामं पाकीट बाजीसमोर धरायची. कधी तो मान हलवायचा, कधी नाही.

वैशाखात गोळ्या संपल्या. शेवटच्या तपासणीला पुण्याला जायचं तेव्हा तिनं सासऱ्यालाही तयार व्हायला सांगितलं. वर्षाराणी मॅडमकडं तिनं परस्पर बोलून ठेवलं होतं की आमच्या मामांचे कान कधी कुणी तपासले नाहीत, ते तपासायचे. बाजी नको म्हणाला. आता काय व्हायचंय, म्हणाला. ती त्याचं धोतर-सदरा पिशवीत भरत राहिली.

तिच्या छातीचा फोटो, रक्त, बेडका, सगळं होऊन डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं. पायांना मात्र वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही. थोडं कदाचित राहीलही. तिनं मान हलवली. मग ती बाजीला वरच्या मजल्यावर घेऊन गेली.

कपाटाएवढी खोली, जाड दाराची. आत स्टूल, कानाला लावायचं यंत्र आणि हातात धरायचं बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडं एक मुलगी मशीनपाशी बसली होती. सुरुवातीला जाड आवाज आले, लांबून कुणी ढोल बडवावा तसे. बाजीनं दाबलं. मग ते बारीक होत गेले आणि संपले. उरले ते रातकिडे. पण त्याच्या ध्यानात आलं की आवाज सोडताना मुलीचा खांदा किंचित हलतो. तो खांद्याकडं बघून दाबायला लागला. इतक्या वर्षांची सवय. त्यात त्याला काही लबाडी वाटली नाही. मुलीच्या ते लक्षात आलं. तिनं खुर्ची फिरवून पाठ केली.

आता बघायला काही राहिलं नाही. तो बसला. खोलीत वारा नव्हता, कानाखाली घाम येत होता. ही पोरगी केव्हाची आपल्यासाठी खोळंबलीय, अगदी काहीच ऐकू येत नाही असं तरी किती वेळ दाखवायचं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं बटण दाबलं.

मुलगी वळली. मशीनकडं बघितलं, दाराकडं बघून काही बोलली. प्रगती आत आली, त्याच्या कानावरचं यंत्र उतरवलं आणि त्याच्यासमोर वाकली.

"मामा, आत्ता तिनं आवाज सोडलाच नव्हता."

"आला मला," बाजी म्हणाला.

ती हसली नाही. बाहेर जाऊन त्या मुलीशी बोलून परत आली आणि पुन्हा तशीच समोर वाकली.

"डाव्या कानाला मशीन बसंल म्हनत्यात. जाड आवाज येतील. मानूस समोरनं बोललं तर समजंल."

"आन बारीक?"

"बारीक न्हाई."

"कवाच?"

"कवाच न्हाई, मामा. ते गेलं."

बाजीनं मान हलवली. आठ वर्षांत हे असं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. जाईल, येईल, बघू, असंच सगळे म्हणत आले होते. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण डोक्यावरचा भारा बांधावर टेकवावा तसं काहीतरी झालं.

"मशीनला नाव लिवून ठिव," तो म्हणाला.

जिना उतरताना ती कठडा धरून एकेक पायरी घेत होती. तो तिच्या पुढं, तिच्याच चालीनं. स्वारगेटला उन्हात गाड्या लागलेल्या होत्या आणि माणसांची ही गर्दी. बाजी एका खांबाला टेकला. कुठंतरी गाडीचं नाव पुकारलं असावं. प्रगतीनं मान वळवली, क्षणभर ऐकलं, त्याच्या बाहीला धरलं, आणि दोघं मार्गासनीवरून जाणाऱ्या वेल्ह्याच्या गाडीकडं सावकाश चालायला लागली.